मापाची काठी

आमच्याकडे काठी कधी कुणी विकत आणली नव्हती. घरात कुणाचा पाय दुखायला लागला की माळ्यावरची काठी खाली यायची, पुसली जायची आणि त्या माणसाच्या हातात दिली जायची. माझ्या उजव्या खुब्याची झीज एक्स-रेत दिसली तेव्हाही तसंच झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा कधीतरी बदलावा लागणार, पण इतक्यात नाही. तोवर वजन आटोक्यात ठेवा, व्यायाम करा, काठी वापरा. गोळ्यांबद्दल चिठ्ठीवर सगळं नीट लिहिलेलं होतं, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर. काठीपुढे मात्र काहीच नव्हतं. केवढी, कसली, कुठल्या हातात, काही नाही.

घरी आले तर यांनी मामंजींची काठी काढूनच ठेवली होती. शिसवी, वर पितळेची गोल मूठ, खाली पितळेचंच टोपण. वस्तू देखणी आहे. पण मामंजी पावणेसहा फूट उंच होते आणि मी पाच फूट एक इंच. ती हातात धरली की माझं कोपर काटकोनात दुमडायचं आणि खांदा कानाकडे चढायचा. अशा हातानं काठीवर भार टाकताच येत नाही. हात नुसता वर टांगलेला राहतो आणि आपण काठी सोबत वागवत चालतो. दीर म्हणाले, "वहिनी, खालून कापून घ्या." मी नको म्हटलं. उंची कमी झाली असती, पण मुठीचं काय? गोल मुठीवर सगळा भार तळहाताच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेवर येतो. ती काठी रुबाबासाठी केलेली आहे. आता ती बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभी असते आणि तिथे शोभते.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. कुठलीही वस्तू हातात आली की ती काम कशी करते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. काठीच्या बाबतीत तर ते कळून घेणं भागच होतं, कारण ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. म्हणून काठी घ्यायच्या आधी मी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेले. वयानं माझ्या मुलीएवढ्या. जे शिकले ते बहुतेक त्यांच्याकडून, आणि थोडं मिरजेच्या एका दुकानात.

मॅडमनी आधी काठीशिवाय चालायला लावलं आणि नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "काकू, चप्पल घाला. बाहेर रोज घालता तीच." मी भिंतीला टेकायला गेले तर थांबवलं. "टेकू नका. एरवी उभ्या राहता तशाच राहा. हात सैल सोडा, नजर समोर." मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहात जिथे सुरू होतो तिथे, एक आडवी घडी असते. त्या घडीपासून चपलेच्या बाजूनं जमिनीपर्यंत त्यांनी टेप धरला. साडेतीस इंच. मग कमरेच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला दाबलं की लागतं ते हाडाचं टोक चाचपलं आणि तिथूनही माप घेतलं. दोन्ही जवळपास सारखी आली. उंचीच्या निम्मी काठी, असा एक ढोबळ अंदाज सांगतात आणि माझ्या बाबतीत तो जुळतोही. पण ज्याचे हात लांब आहेत किंवा ज्याला पोक आलंय त्याच्या बाबतीत तो फसतो. वयानं पाठ वाकते, उंची घटते, हातांची लांबी मात्र तेवढीच राहते. म्हणून माप मनगटावरूनच घ्यायचं.

माप घेतल्यावर त्यांनी आपल्याकडची एक काठी त्या उंचीला लावली आणि माझ्या हातात दिली. मूठ धरून उभी राहिले तेव्हा कोपर थोडं वाकलेलं होतं. वीस ते तीस अंश वाकलेलं असायला हवं, असं त्यांनी सांगितलं. कारण साधं आहे. काठी पुढे टेकवायची तर हात पुढे पोचायला हवा, आणि दाबायची तर कोपर सरळ होत जोर लावता यायला हवा. हात आधीच ताठ असेल तर ही दोन्ही कामं होत नाहीत. काठी आखूड झाली की माणूस तिच्या बाजूला झुकतो आणि पाठ धरते. लांब झाली की खांदा चढतो, मान आखडते, आणि मुख्य म्हणजे सांध्यावरचा भार काही कमी होत नाही. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. दोन्ही खांदे एका रेषेत दिसले की उंची बरोबर.

मग हाताचा प्रश्न आला. काठी डाव्या हातात धरायची होती. उजवा पाय दुखतो, मग काठी डाव्या हातात कशी? हा प्रश्न मला यांनी विचारला, नणंदेनं विचारला, भाजीवाल्या मावशींनी विचारला आणि ओळखीच्या रिक्षावाल्यानंही. दुखऱ्या बाजूला आधार द्यायचा, हे सगळ्यांच्या मनात इतकं पक्कं आहे की डाव्या हातातली काठी बघून लोक ती काढून उजव्या हातात द्यायला पुढे येतात. याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ते इथे सविस्तर मांडते, कारण एकदा कळलं की काठी चुकीच्या हातात जातच नाही.

चालताना एक पाय उचलला की अख्खं शरीर दुसऱ्या पायाच्या खुब्यावर तोललं जातं. ही तरफ आहे. खुबा हा टेकू. शरीराचं वजन टेकूच्या आतल्या बाजूला, साधारण 10 सेंटिमीटरवर. कंबर त्या बाजूला खाली पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ती ओढून धरतात, पण ते टेकूपासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात. म्हणजे त्यांना वजनाच्या दुप्पट जोर लावावा लागतो. 60 किलोंचा माणूस धरू. ज्या पायावर उभा आहे तो पाय सोडला तर तोलायचे राहिले 50 किलो. त्यासाठी स्नायूंचा जोर 100 किलोंचा. सांध्यावर दोन्ही मिळून 150 किलो. झिजलेला सांधा प्रत्येक पावलाला का कळवळतो, ते या आकड्यात आहे.

आता विरुद्ध हातातल्या काठीवर फक्त 5 किलोंचा दाब द्या. तो हात टेकूपासून 50 सेंटिमीटर लांब आहे. 5 गुणिले 50 म्हणजे 250. वजनाचं गणित 50 गुणिले 10 म्हणजे 500. म्हणजे निम्मं काम काठीनं केलं. स्नायूंना 50 किलोंचाच जोर पुरतो आणि सांध्यावर 150 ऐवजी 95 किलो येतात. 5 किलोंच्या दाबानं 55 किलो कमी! तीच काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरली तर ती टेकूच्या बाहेरच्या बाजूला येते आणि तिचा रेटा कंबरेला नको त्या दिशेनं फिरवतो. मग माणूस अख्खं धड काठीकडे झोकून चालतो आणि त्याला वाटतं आधार मिळतोय.

मी हा हिशेब कागदावर मांडून मॅडमना दाखवला. त्यांना आनंद झाला, पण त्या म्हणाल्या, "प्रत्यक्षात एवढा फरक मिळत नाही, काकू. स्नायू लगेच सैल पडत नाहीत आणि दर पावलाला काठी सारखी दाबलीही जात नाही." मान्य. पण दिशा तीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मांडीला ते कळलं होतं. त्यांनी आणखी एक मर्यादा सांगितली, ती फार महत्त्वाची वाटते. वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार काठीवर टाकावा लागत असेल तर काठी पुरेशी नाही. त्या माणसाला वॉकर किंवा कुबड्या हव्यात. मनगट दुखेस्तोवर काठी रेटत राहू नये.

काठी आणायला मिरजेला गेलो. आम्ही सांगलीत राहतो आणि दवाखान्याचं काही मोठं काम निघालं की पाय मिरजेकडेच वळतात. 1894 मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. पलीकडे कर्नाटकातूनही माणसं येतात. त्यामुळे सर्जिकलची दुकानं भरपूर, आणि दुकानदारांनी हजारो दुखरे पाय पाहिलेले. आम्ही गेलो तिथल्या दुकानदारानं मला बघताच चार पायांची काठी पुढे केली. "मावशी, हीच घ्या. पडायची भीतीच न्हाई बघा. सोडली तरी उभीच ऱ्हाते."

ती खरंच उभी राहते, हा तिचा गुण. मी ती घेऊन दुकानात चालले. चारी पाय एकदम टेकले पाहिजेत, नाहीतर ती डगमगते. त्यामुळे दर पावलाला थांबावं लागतं. मग मी बाहेर फुटपाथवर जाते म्हटलं. दुकानदार थोडा बिचकला, पण हे माझ्यासोबत आहेत म्हटल्यावर जाऊ दिलं. पेव्हर ब्लॉकवर पहिल्याच चार पावलांत तिचा एक पाय अधांतरी राहिला. शिवाय आमच्या जिन्याच्या पायरीवर ती पुरी बसणारच नाही. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला, ज्याच्या एका हातापायात बळ नाही, तिचा फार उपयोग होतो. आमच्या एका नातलगांना तिच्यावरच उभं राहता आलं. तिचे पाय एका बाजूला जास्त पसरलेले असतात, ती पसरट बाजू शरीरापासून बाहेर ठेवायची, नाहीतर आपलाच पाय अडखळतो. पण मला तोल सांभाळायला आधार नको होता, खुब्यावरचा भार कमी करायचा होता. त्या कामाला एका टोकाची काठीच बरी.

एका टोकाच्या काठ्यांतही मूठ निवडायची होती. छत्रीसारखी वळलेली मूठ मनगटावर अडकवायला सोयीची, पैसे देताना काठी ठेवायची कुठे हा प्रश्न मिटतो. पण तिच्यात हात दांड्याच्या मागे राहतो आणि दाब सरळ खाली जात नाही. दुसरी आडव्या मुठीची, हातोडीच्या डोक्यासारखी. तिच्यावर तळहात पसरून बसतो आणि दांडा बोटांच्या मधून खाली उतरतो. तिसऱ्या प्रकारात दांडाच वर जाऊन हंसाच्या मानेसारखा वळतो आणि पुन्हा मुठीखाली येतो. तिच्यात हाताचा भार नेमका दांड्याच्या रेषेत पडतो. चौथी हाताच्या ठशाप्रमाणे खोलगट केलेली, ती डाव्या आणि उजव्या हाताची वेगवेगळी येते. तिसरीच घ्यायची असं हातात धरताच ठरलं. खोलगट मुठीचा मोह पडला होता, पण जिन्यात कधी काठी दुसऱ्या हातात घ्यावी लागते आणि तेव्हा ती मूठ टोचते.

मुठीची जाडीही बघितली. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी थोडा संधिवात आहे. बारीक मूठ आवळून धरावी लागते आणि आवळलं की अंगठा ठणकतो. फोमचं आवरण असलेली जाडसर मूठ घेतली. उन्हाळ्यात तळहाताला घाम येतो, गुळगुळीत प्लास्टिक हातातून निसटतं, हेही मनात होतं. दांडा ॲल्युमिनियमचा. घडीची काठीही दाखवली. प्रवासात पिशवीत मावते, पण सांध्यांमध्ये किंचित हलत होती आणि मला रोजच्या वापराला हलणारं काही नको होतं. दांड्यावर किती किलोपर्यंत भार चालेल ते छापलेलं असतं, तेही वाचून घेतलं.

एक खंत इथे सांगते. दुकानात माझ्या समोर दोघंजण काठी घेऊन गेले. एकानं घरी पडून असलेल्या आजोबांसाठी घेतली, एकीनं आईसाठी. दोघांनीही रंग विचारला, किंमत विचारली. ज्याच्या हातात ती जाणार त्याचं माप कुणाकडे नव्हतं आणि दुकानदारानंही विचारलं नाही. ब्लाउज शिवायला टाकताना आपण मापाचा ब्लाउज सोबत नेतो, आणि ज्या काठीवर म्हाताऱ्या माणसाचा तोल अवलंबून आहे ती अंदाजानं! मी त्या बाईंना थांबवून मनगटाच्या घडीचं सांगितलं. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला आणि आईचं माप घ्यायला लावलं. पाच मिनिटांचं काम होतं.

काठी घरी आली तरी ती अजून माझी व्हायची होती. दांड्याला एकेक इंचावर भोकं असतात आणि आतल्या नळीचं बटण त्यांतून बाहेर येतं. माझं माप साडेतीस. तीस लावू की एकतीस? मॅडमनी दोन्ही लावून चालायला लावलं. एकतीसला डावा खांदा किंचित वर जात होता, मला ते जाणवत नव्हतं पण त्यांना दिसत होतं. तीस पक्कं केलं. बटण पूर्ण बाहेर आलंय की नाही ते बोटानं चाचपायचं, अर्धवट अडकलं तर भार पडताच काठी आत सरकते. मग त्याखालची कडी घट्ट पिळायची. चालताना खुळखुळ आवाज आला तर कडी सैल झाली असं समजायचं.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. माप चप्पल घालून घेतलेलं, आणि आपण घरात अनवाणी. माझी बाहेरची चप्पल एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या तळाची, टाचेखाली चांगली जाड. ती दारात काढली की मी बुटकी होते आणि काठी लांब होते. रोज येता-जाता बटण दाबून उंची बदलायची म्हणजे दुखऱ्या अंगठ्याची परीक्षा. घरात घालायला वेगळी चप्पल ठेवावी, असं मॅडमनी सुचवलं, आणि ज्यांना चालतं त्यांनी तेच करावं. मला देवघरात आणि स्वयंपाकघरात पायात काही चालत नाही. म्हणून घरासाठी दुसरी, सागवानी, आडव्या मुठीची साधी काठी घेतली आणि ती अनवाणी मापाची करून घेतली.

लाकडी काठीचं माप घ्यायची रीत सुताराला माहीत होती. काठी उलटी करायची, मूठ जमिनीवर टेकवायची आणि दांडा आपल्या बाजूला उभा धरायचा. मनगटाच्या घडीपाशी पेन्सिलीनं खूण. मात्र कापताना खालच्या रबरी बुचाची जाडी वजा करायची, कारण बूच चढवल्यावर तेवढी उंची पुन्हा वाढते. मी त्यांना आधी मापापेक्षा थोडी लांबच ठेवून कापायला सांगितलं. बूच लावून घरभर फिरले, मग उरलेलं कापलं. लाकूड कापता येतं, जोडता येत नाही, हे सुताराला सांगायची गरज नव्हती, पण यांना होती. ते एकदम कापून टाका म्हणत होते.

चालायला शिकणं मात्र वाटलं त्याहून अवघड गेलं. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. ऐकायला एवढंच. पण आयुष्यभर पाय आपोआप पडत आले, त्यांना आता कुणीतरी सांगायला लागलं की ते गोंधळतात. काठी पावलाच्या थोडी पुढे आणि वीतभर बाजूला टेकवायची. फार पुढे टेकवली तर ती तिरकी पडून घसरते, फार जवळ टेकवली तर पायात येते. मॅडम मागून चालत "काठी-उजवा, डावा, काठी-उजवा, डावा" म्हणत होत्या आणि मी खाली बघत होते. "खाली नका बघू काकू, काठी कुठे आहे ते हाताला कळतं." खरंच कळतं, पण त्याला थोडे दिवस जावे लागले. एके सकाळी गॅलरीतून दूधवाल्याशी बोलत बोलत चालले आणि नंतर ध्यानात आलं की पावलं मोजलीच नाहीत.

जिन्याचा नियम निराळा. चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, मग चांगला. शरीर वर उचलायचं किंवा हळूच खाली सोडायचं काम वरच्या पायरीवरचा पाय करतो, म्हणून वर नेहमी चांगला पाय हवा. कठडा असेल तर एक हात कठड्यावरच. आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, चढताना डाव्या हाताला येतो. तेव्हा काठी उजव्या हातात घ्यायची आणि डाव्यानं कठडा धरायचा. हात बदलला म्हणून मला धास्ती वाटली होती. मॅडम म्हणाल्या, "कठडा हलत नाही, काठी हलते. जो हलत नाही त्याच्यावर विश्वास ठेवा." मुठीला मनगटात अडकवायची दोरी असते, ती जिन्यात काढून ठेवायची. पडताना काठी हातातून सुटायला हवी, पायांत अडकायला नको.

बाजाराच्या पिशवीचं तर मला नवलच वाटलं. डाव्या हातात काठी, म्हणजे पिशवी उजव्या हातात, दुखऱ्या बाजूला. घरच्यांना ते बघवत नव्हतं. पण पुन्हा तरफेकडे जा. पिशवी दुखऱ्या बाजूला असली की तिचं वजन टेकूच्या बाहेरच्या अंगाला येतं आणि स्नायूंना मदतच करतं. डाव्या हातात असती तर शरीराच्या वजनात भर घालून स्नायूंना आणखी ओढायला लावलं असतं. अर्थात किलोभर कांदे-टोमॅटोपुरतं हे ठीक. जास्त असेल तर मी पाठीवरची सॅक नेते.

रस्त्यावर काठीची खरी कसोटी. गटारावरच्या जाळीत टोक जाऊ शकतं, म्हणून जाळी दिसली की वळसा. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी आणि ओल्या ग्रॅनाईटची पायरी या दोन गोष्टींना मी खरोखर भिते. गणपती मंदिरात शिरताना मी दारातच थांबून बुचाचा तळ ओल्या फडक्यानं पुसते, मग कोरड्या फडक्यानं. रस्त्यावरची काठी देवळात नेण्याचा संकोच त्यानं जातो आणि गुळगुळीत दगडावर बूचही धरून राहतं. देवळात अनवाणी असते, काठी जरा लांब पडते, पण तेवढ्या वेळापुरतं मी पावलं लहान टाकते. कुत्र्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. हातात काठी बघितली की गल्लीतली कुत्री अंगावर येतात, त्यांना काठीचा एकच अर्थ माहीत असतो. काठी शरीराजवळ ठेवायची, हवेत उचलायची नाही, त्यांच्याकडे न बघता त्याच चालीनं जायचं. आता ती ओळखतात मला.

माणसं बोलतातच. हळदीकुंकवाला गेले तेव्हा एकीनं "अगं, एवढ्यात काठी?" म्हणून इतक्या हळहळीनं विचारलं की सगळ्या वळून बघायला लागल्या. मी तिला शांतपणे सांगितलं, काठी नव्हती तेव्हा मी तुमच्याकडे आलेच नव्हते गेल्या वर्षी. त्या वर्षभरात मी कितीतरी घरी जायचं टाळलं होतं. जिने आहेत म्हणून, उभं राहावं लागेल म्हणून, रिक्षा दारापर्यंत जाणार नाही म्हणून. आता कृष्णेच्या घाटावर वरच्या पायरीपर्यंत जाऊन बसते. खाली पाण्यापर्यंत उतरत नाही, तिथे काठीवर भरवसा टाकण्यासारखी जमीन नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतं ते बुडाचं रबर. तळाला गोल गोल रेघा असतात, त्या जमिनीला धरतात. त्या झिजून तळ गुळगुळीत झाला किंवा एका बाजूनं तिरका झिजला की बूच बदलायचं. एका बाजूनं झिजत असेल तर काठी तिरकी टेकते आहे, म्हणजे उंची किंवा चाल बघायला हवी. नवं घेताना जुनं बूच सोबत न्यायचं, कारण दांड्याची जाडी वेगवेगळी असते आणि सैल बूच ओल्या जमिनीवर चिकटून मागे राहतं. आत पत्र्याची चकती आहे ना तेही बघायचं, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी हळूहळू रबर कापत खाली येते. एक जादा बूच मी टेबलाच्या खणात ठेवते.

आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या आजींना कुठल्याशा कार्यक्रमात काठी मिळाली होती. बटणाचीच, चांगली. आजी त्या काठीला दोन्ही हातांनी धरून, लांब बांबूसारखी पुढे टेकत चालायच्या. ती सगळ्यात वरच्या भोकावर होती, कारखान्यातून आली तशी. बटण दाबता येतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना चप्पल घालून उभं केलं, टेप लावला आणि काठी चार भोकं खाली आणली. गुडघा डावा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात दिली. त्या अंगणात एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर हलकी झाली."

काठी मिळण्याचे मार्ग आता आहेत. राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, तिच्यातून गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र अशी साधनं मिळतात. महाराष्ट्रात 2024 पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये जमा होतात. ज्यांना लागू आहे त्यांनी जरूर अर्ज करावा. पण मिळालेल्या काठीचं माप घरातल्या कुणीतरी घेतलंच पाहिजे. कॉलेजात जाणारी नातवंडं हे काम आनंदानं करतात, मी करून घेतलंय.

माझा सांधा बदलायचं आता जवळपास ठरलंय. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वॉकर आणि मग पुन्हा हीच काठी, डाव्याच हातात. ऑपरेशननंतर पायाच्या लांबीत थोडा फरक पडू शकतो, म्हणून टाके निघाले की नव्या चपलेवर माप पुन्हा घेऊ, असं मॅडमनी आत्ताच सांगून ठेवलंय. बटणाची काठी तेव्हा एका भोकानं वर-खाली होईल. सागवानी आखूड पडली तर सुतारांना जाड तळाचं बूच शोधायला सांगितलंय.